आईची जमीन

इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर पेसिसिर सेलातान नावाचा जिल्हा आहे. ‘दक्षिण किनारा’ असा या नावाचा अर्थ. एका अंगास हिंदी महासागर, दुसऱ्या अंगास बुकित बारिसान पर्वताची रांग आणि मध्ये भातशेती! येथील मिनांगकाबाऊ लोक शेती व मासेमारी करतात.

मुलांनो, यांची एक रीत ऐकून तुम्हांला नवल वाटेल. कुळाची जमीन येथे आईकडून मुलींकडे जाते. मामा तिची राखण करतो. परंतु ती त्याची नसते. ती विकणे परंपरेने निषिद्ध आहे. घरातील मृताचा अंत्यविधी, उपवर मुलीचे लग्न, मोडकळीस आलेले कुलगृह आणि कुलप्रमुखाच्या पदाची प्रतिष्ठापना, या चारच कारणांस्तव ती गहाण ठेवता येते.

तरुण मुलगे मात्र नशीब काढण्यास परमुलुखी जातात. या प्रवासास ‘मेरान्ताऊ’ म्हणतात. स्वकष्टाचे धन ते आपल्या मुलांना देऊ शकतात. कोणी धनवान होऊन येतो, कोणी रिकाम्या हातांनी परततो. पण गावी आईचे घर असते. जमीन विकली गेली असती, तर तो कोठे परतला असता?

शब्दार्थ : उपवर – लग्नाच्या वयाची, परमुलूख – परका प्रदेश.

प्रश्न : मामा स्वतःची नसलेली जमीन का राखतो?