भाड्याची खोली की हक्काचे घर?

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे जुनी माणसे सांगून गेली. बांधून पाहण्याची ऐपत नसलेल्याने काय पाहावे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. त्यांतलेच आमचे एक. आईवडील फडावर, कोपीत. आणि शाळेसाठी आम्ही भावंडे आजीबरोबर तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत. उचल आली की पहिले पैसे खोलीच्या भाड्याला निघत. दहा वर्षांत चार खोल्या झाल्या. ‘भाड्याचे घर, खाली कर’ ही म्हण मला पुस्तकात वाचावी लागली नाही.

वर्गात व्याजाचा भाग शिकविला गेला, तेव्हा हा प्रश्न मी वहीत मांडून पाहिला. समजा, भाडे महिना ५,००० रुपये असून दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढते. वीस वर्षांत सुमारे १९ लाख ८४ हजार रुपये जातात आणि विसाव्या वर्षी भाडे १२,६०० च्या वर पोचते. याउलट १३ लाखांचे लहानसे घर घेतले. ३ लाख पदरचे आणि १० लाख कर्ज, नऊ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता सुमारे ९,००० रुपये. पदरचे धरून एकूण २४ लाख ६० हजार जातात. म्हणजे घर घेणारा पावणेपाच लाख अधिकच देतो!

मग फायदा कोठे आहे? व्याजदर तोच राहिला तर हप्ता वाढत नाही. भाडे मात्र वाढतच राहते आणि चौदाव्या वर्षी हप्त्याला मागे टाकते. एकविसाव्या वर्षी भाडेकरू पुन्हा पैसे मोजू लागतो, तर घरमालकाला उरते फक्त घरपट्टी आणि डागडुजी. शिवाय घर पदरात राहते, ते वेगळेच.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. पहिल्या हप्त्यातले ७,५०० रुपये निव्वळ व्याज असते. मुद्दल फिटते जेमतेम दीड हजार. त्यातच मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी (किमतीच्या एक टक्का, फार तर ३०,००० रुपये) आधीच गेलेली असते. म्हणून चार-पाच वर्षांत गाव सोडणाऱ्याला भाडेच परवडते. ज्याचा मुक्काम पक्का, त्यानेच घर घ्यावे. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास आपल्या राज्यात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती माहीत असावी.

तिसरी गोष्ट मी अनुभवाने शिकलो. यंदा पट्टा पडल्यावर वडिलांना एका दलालाने गुंठेवारीतला तुकडा दाखविला. भाव स्वस्त, पण व्यवहार नुसत्या बाँडवर, नोटरी करून. वडिलांनी पैसे मोजून ठेवले होते. मी म्हणालो, “दादा, रजिस्ट्री नाही तर घ्यायचं नाही.” ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या जागेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. बाँडच्या कागदाने मालकी येत नाही आणि असल्या जागेवर बँक सहसा कर्जही देत नाही. तिसऱ्या दिवशी दादा स्वतः नोंदणी कार्यालयात विचारून आले. काही बोलले नाहीत. पैसे बँकेत ठेवले.

एकट्याला न झेपणारे काम चौघांनी मिळून होते. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, ती याच विचाराने. एका टोळीत ऊस तोडणारी कुटुंबे एका संस्थेत घर का बांधू शकणार नाहीत?

असो. आम्ही अजून चौथ्याच खोलीत आहोत आणि दिवाळीपासून भाडे वाढणार आहे. परवा दादांनी माझी वही मागितली आणि म्हणाले, “तेवढा हिशेब पुन्हा एकदा वाचून दाखव.”