वाचकांचे प्रश्न : पिटबुल, रॉटवायलर आणि मालकाची जबाबदारी

प्रश्न : केंद्र सरकारने 23 जातींच्या कुत्र्यांवर घातलेली बंदी आज लागू आहे का?

उत्तर : नाही. केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने 12 मार्च 2024 रोजी सर्व राज्यांना एक पत्र पाठवले होते. पिटबुल टेरियर, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, केन कॉर्सो, कॉकेशियन शेफर्ड अशा 23 प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री यांना परवाने देऊ नयेत आणि लोकांच्या घरी आधीच असलेल्या अशा कुत्र्यांची नसबंदी करावी, असे त्यात म्हटले होते. या पत्राचे मूळ दिल्ली उच्च न्यायालयातील एका याचिकेत होते. डिसेंबर 2023 मध्ये त्या न्यायालयाने केंद्राला संबंधितांशी सल्लामसलत करून तीन महिन्यांत निर्णय घ्यायला सांगितले होते. पत्र निघाले, पण कुत्रे पाळणाऱ्यांचे आणि इतर संबंधितांचे म्हणणे ऐकलेच गेले नाही. या मुद्द्यावर कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2024 रोजी ते पत्र रद्द केले. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानेही ते बाजूला ठेवले आणि जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती मागवून मगच निर्णय घेण्याचा मार्ग केंद्राला मोकळा ठेवला.

त्यामुळे त्या पत्राचा दाखला देऊन पोलीस, महापालिका किंवा सोसायटी कोणाचाही कुत्रा काढून घेऊ शकत नाही. समाजमाध्यमांवर ती यादी अजून 'बंदी घातलेल्या जाती' म्हणून फिरते. तिच्यावर विसंबू नये.

यादी तयार करण्यातही घाई झालेली दिसते. 'टोसा' ही जपानी जात तिच्यात दोन ठिकाणी येते. 'टेरियर' हा अख्खा गट एका शब्दात यादीत बसवला आहे. त्या गटात पिटबुलही येतो आणि मांडीवर बसणारी छोटी कुत्रीही येतात. 'बॅन डॉग' ही तर कुठल्या केनेल क्लबने नोंदलेली जात नाही. कांगल, अकबाश, टॉर्न्याक ही तुर्कस्तान आणि बाल्कन प्रदेशात मेंढ्यांचे कळप राखणारी कुत्री आहेत. आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावरचा कुत्रा जे काम करतो तेच ती करतात, आणि भारतातल्या शहरांत ती क्वचितच दिसतात. बंदीचा कायदा करायचा तर कोणता कुत्रा त्यात बसतो हे ठरवण्याची मोजपट्टी आधी हवी. ती या पत्रात नव्हती.

प्रश्न : मग कुत्र्याची जात कायद्याच्या दृष्टीने बिनमहत्त्वाची आहे का?

उत्तर : तसेही नाही. या वादात दोन वेगळ्या गोष्टींची सतत गल्लत होते. एक म्हणजे कुत्रा चावण्याची शक्यता आणि दुसरी म्हणजे चावल्यावर होणारी इजा.

पहिल्या बाबतीत जातीवरून फारसे सांगता येत नाही. 'सायन्स' या नियतकालिकात 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वर्तनाची माहिती मालकांकडून घेण्यात आली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासण्यात आली. कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनातील फरकापैकी सुमारे 9 टक्केच फरक जातीमुळे पडतो, असे त्यातून दिसले. बाकीचा वाटा वाढवण्याची पद्धत, शिकवण, वय, लिंग आणि त्या-त्या कुत्र्याचा स्वभाव यांचा असतो.

दुसऱ्या बाबतीत मात्र कुत्र्याचा आकार आणि ताकद यांना फार महत्त्व आहे. पॉमेरेनियन चिडला तर पोटरीवर दात उमटतात. पिटबुलने पकड घेतली तर ती सोडवताना माणसे हतबल होतात. लखनौमध्ये जुलै 2022 मध्ये घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा मृत्यू झाला. गोव्यात हणजुणे येथे ऑगस्ट 2024 मध्ये सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात दगावला. अशा घटनांकडे 'जात वाईट नसते, मालक वाईट असतो' एवढे म्हणून पाठ फिरवणे हा त्या कुटुंबांवर अन्याय आहे. ताकदवान कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त असते, आणि सध्याच्या कायद्याची रचनाही, यादीचा आधार न घेता, तिकडेच नेते.

प्रश्न : पाळीव कुत्रा कोणाला चावला तर मालकावर कोणती कारवाई होते?

उत्तर : मुख्य तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये आहे. 1 जुलै 2024 पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम 289 मध्ये होती. ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा जबर दुखापतीचा संभाव्य धोका असेल आणि तो टाळण्यासाठी पुरेशी काळजी घेण्यात कोणी जाणूनबुजून किंवा हयगयीने कसूर केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या कायद्यात दंडाची मर्यादा 1,000 रुपये होती.

या कलमातील दोन शब्द नीट वाचण्यासारखे आहेत. पहिला 'ताबा'. कायदा मालकीबद्दल बोलत नाही, ताब्याबद्दल बोलतो. त्यामुळे कुत्र्याला फिरवायला नेणारा नोकर, गाडीत त्याला सांभाळणारा चालक किंवा सुट्टीत आठवडाभर कुत्रा ठेवून घेणारा मित्रही यात अडकू शकतो. दुसरा शब्द 'संभाव्य'. धोका आधीच दिसत होता का, हा खटल्यातील कळीचा प्रश्न असतो. साठ किलोचा मास्टिफ पट्ट्याशिवाय लहान मुलांच्या बागेत सोडला, तर धोक्याची कल्पना नव्हती असे म्हणणे मालकाला अवघड जाते. कुत्रा पूर्वी एकदा चावला असेल आणि ते मालकाला माहीत असेल, तर जवळजवळ अशक्यच.

प्रत्यक्ष दुखापत झाली की आणखी कलमे लागतात. निष्काळजीपणाने साधी दुखापत झाल्यास कलम 125 (क) खाली सहा महिन्यांपर्यंत आणि जबर दुखापत झाल्यास 125 (ख) खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृत्यू झाल्यास कलम 106 (1) नुसार पाच वर्षांपर्यंत.

मुंबईतील दोन निकाल येथे उपयोगी पडतात. नेपियन सी रोडवर 2010 मध्ये मालमत्तेच्या वादातून दोन नातेवाइकांची भर रस्त्यात बाचाबाची सुरू होती. एकाच्या गाडीत रॉटवायलर होता आणि तो बाहेर पडण्यासाठी धडपडत होता. दार उघडू नका, असे समोरच्याने सांगूनही दार उघडले गेले. कुत्रा थेट 72 वर्षांच्या त्या गृहस्थांवर धावला आणि त्याने पायाला व हाताला चावे घेतले. 2023 मध्ये गिरगावच्या दंडाधिकारी न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. दुसरी घटना वरळीतील एका इमारतीच्या लिफ्टमधली, 2018 सालची. लिफ्टमधील रहिवाशाबरोबर त्याचे लहान मूल होते आणि त्याला कुत्र्यांची भीती वाटत होती. थोडे थांबा, अशी त्याची विनंती न जुमानता शेजाऱ्याने कुत्रा आत ओढत आणला आणि तो चावला. 2025 मध्ये त्या मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. हा कुत्रा हस्की होता आणि ती जात केंद्राच्या यादीत नव्हती.

दंडाधिकारी न्यायालयाचे निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतात, हे खरे. तरी दोन्ही ठिकाणी न्यायालयाने कुत्र्याच्या जातीचा दाखला पाहून शिक्षा दिली नाही. एकाने गाडीचे दार उघडले, दुसऱ्याने लिफ्टसाठी मिनिटभर थांबायला नकार दिला. शिक्षा त्या कृतीची झाली.

प्रश्न : जखमी व्यक्तीला मालकाकडून पैसे मिळू शकतात का? त्यासाठी विमा असतो का?

उत्तर : फौजदारी खटल्यातील दंड सरकारजमा होतो. न्यायालय त्यातून किंवा वेगळी भरपाई द्यायला सांगू शकते, पण उपचारांचा खर्च, बुडालेले उत्पन्न आणि कायमचे अपंगत्व यांची रीतसर भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा करावा लागतो. मृत्यू झाल्यास 1855 च्या प्राणघातक अपघात अधिनियमाखाली वारसांना दावा करता येतो आणि त्यासाठी मृत्यूपासून दोन वर्षांची मुदत असते. ती चुकली की दाव्याचा हक्क जातो.

दावा कागदांवर टिकतो. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून लगेच रुग्णालय गाठावे. ते आधी आरोग्यासाठी आणि मग पुराव्यासाठी. जखमेचे फोटो, केसपेपर, रेबीज लसीच्या प्रत्येक मात्रेची नोंद आणि बिले जपून ठेवावीत. इमारतीतील सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते राखून ठेवावे, असे सोसायटीला त्याच दिवशी लेखी कळवावे. पोलीस ठाण्यात तक्रार देताना कुत्र्याचे वर्णन, पट्टा होता की नव्हता आणि त्या वेळी तो कोणाच्या हातात होता, या गोष्टी न विसरता लिहून घ्याव्यात.

विम्याबाबत वाचकांचा एक गैरसमज दिसतो. पाळीव कुत्र्याच्या विम्यात बहुतेक वेळा त्याच्या आजारपणाचा, शस्त्रक्रियेचा किंवा मृत्यूचा खर्च येतो. कुत्र्याने दुसऱ्याला इजा केल्यास द्यावी लागणारी भरपाई, म्हणजे तृतीय पक्ष दायित्व, हे काही पॉलिसींत वेगळे संरक्षण म्हणून घ्यावे लागते. मोठा कुत्रा असणाऱ्याने ते घ्यावेच. अर्जात कुत्र्याची जात आणि पूर्वीचे चावे खरेखुरे नमूद करावेत, कारण लपवलेली माहिती उघड झाल्यास दावा फेटाळला जातो. न्यायालयाने केलेला दंड मात्र कोणतीही पॉलिसी भरून देत नाही.

प्रश्न : सोसायटीला सर्वसाधारण सभेत ठराव करून मोठ्या कुत्र्यांना मनाई करता येते का?

उत्तर : भारतीय पशु कल्याण मंडळाने 26 फेब्रुवारी 2015 रोजी काढलेल्या सूचनांनुसार नाही. बहुमत असले तरी जातीच्या किंवा आकाराच्या कारणावरून कुत्रा पाळण्यास बंदी करता येत नाही, लिफ्टचा वापर नाकारता येत नाही आणि त्यासाठी वेगळे शुल्क लावता येत नाही, असे त्या सूचना सांगतात. त्याच सूचना मालकांनाही सार्वजनिक जागेत कुत्रा पट्ट्यात ठेवण्याचा आणि घाण साफ करण्याचा सल्ला देतात. भाड्याच्या घराची गोष्ट वेगळी आहे. तेथे घरमालक आणि भाडेकरू यांच्या करारातील अट महत्त्वाची ठरते, म्हणून सही करण्यापूर्वी ती वाचावी.

ठरावाच्या भांडणापेक्षा लेखी समझोता बरा. गर्दीच्या वेळी मोठा कुत्रा लिफ्टमध्ये नेऊ नये, कोणी घाबरत असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी, जिन्यात आणि आवारात पट्टा हातात आखूड धरावा, तोंडाला मुसके बांधण्याची कुत्र्याला पिल्लूपणापासून सवय लावावी. एवढे पाळले की बहुतेक तक्रारी उपनिबंधकापर्यंत जातच नाहीत.

प्रश्न : महाराष्ट्राबाहेर, विशेषतः गोव्यात आणि ब्रिटनमध्ये, काय स्थिती आहे?

उत्तर : स्थानिक नियम वेगळे असू शकतात. गाझियाबाद महापालिकेने 2022 मध्ये पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो यांच्यावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. हणजुण्याच्या घटनेनंतर गोव्याच्या मंत्रिमंडळाने 2025 मध्ये पिटबुल आणि रॉटवायलर यांच्यावर बंदी आणण्याचे ठरवले. कुत्र्यासह कोकणातून गोव्यात राहायला जाणाऱ्यांनी तेथील पशुसंवर्धन खात्याकडे आधी चौकशी करावी.

ब्रिटनमध्ये 1991 च्या कायद्याने पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांना मनाई आहे. त्यात एक्सएल बुलीची भर पडली. 1 फेब्रुवारी 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो बाळगणे गुन्हा आहे. प्रमाणपत्रासाठी नसबंदी, मायक्रोचिप, तृतीय पक्ष विमा आणि बाहेर मुसके व पट्टा या अटी आहेत. नर 51 सेंटिमीटर आणि मादी 48 सेंटिमीटर उंच असेल आणि इतर शारीरिक लक्षणे जुळत असतील तर तो कुत्रा या प्रकारात मोडतो. नोकरीनिमित्त तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी असा कुत्रा बरोबर नेण्याचा विचार करू नये. उलट नेदरलँड्सने आपली पिटबुलबंदी 2008 मध्ये मागे घेतली, कारण चाव्यांचे प्रमाण तिने घटले नव्हते.

प्रश्न : पिल्लू विकत घेताना काय तपासावे, आणि कुत्रा सांभाळणे जमेनासे झाले तर काय करावे?

उत्तर : 2017 च्या श्वान पैदास व विपणन नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागितल्यावर जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये. जमल्यास पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला जोडावा लागतो. पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंतनाशन आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी असल्याचे 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत स्पष्ट आहे.

राखणीचा कुत्रा दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवला तर तो 'कडक' होतो, अशी समजूत गावांतही आहे आणि बंगल्यांतही. असा कुत्रा कडक होत नाही, बिथरतो. शिवाय अवास्तव आखूड किंवा जड साखळीने फार काळ बांधणे आणि बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे, दोन्ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 11 खाली गुन्हे आहेत. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणेही त्याच कलमात येते. पहिल्या वेळच्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये आहे. हा आकडा बदलायलाच हवा.

सांभाळणे खरोखर अशक्य झाले, तर पशुवैद्यकाच्या मदतीने नवे घर शोधावे, हस्तांतर लेखी करावे आणि परवाना नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावा. कुत्रा पूर्वी कोणाला चावला असेल तर ते त्या कागदावर स्पष्ट लिहावे. नव्या मालकाच्या घरी कदाचित लहान मूल असेल; त्याच्या आईवडिलांना ते आधी कळलेच पाहिजे.