आधी कारण विचार

चि. सोनूस,


भाईंदरच्या आरोग्य केंद्रात आता तू नर्स म्हणून बसणार. योनिमार्ग कोरडा पडलेली बाई तसं सरळ सांगत नाही. 'खाली आग होते', 'लघवीला जळजळतं', 'मालकांजवळ जायला नको वाटतं' असं दाराकडे बघत, आवाज उतरवून बोलते. आधी दार लावून घे, मग विचार.

पहिला प्रश्न पाळीचा. योनीचं अस्तर जाड, लवचीक आणि ओलसर ठेवतं ते इस्ट्रोजेन. भारतीय बायकांची पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. त्याआधीपासूनच इस्ट्रोजेन घटू लागतं, अस्तर पातळ होतं आणि संबंधाच्या वेळी दुखतं. रोज चर्चगेट लोकल पकडणारी बाई 'वय झालं' म्हणून हे वर्षानुवर्षं सोसते.

पण तान्हं बाळ मांडीवर घेतलेल्या पंचविशीच्या मुलीलाही हाच त्रास होतो. अंगावर पाजताना प्रोलॅक्टिन वाढतं, इस्ट्रोजेन दबतं. पाजणं कमी होऊन पाळी सुरू झाली की बहुधा आपोआप बरं वाटतं. एवढं सांगितलंस तरी तिचा जीव भांड्यात पडेल.

'गर्भाची पिशवी काढली' म्हणाली, तर अंडाशयंही काढली का ते कागदावर बघ. २०१९ साली बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. अंडाशयंही गेली, तर ऐन तिशीतही इस्ट्रोजेन एकदम कोसळतं.

मग औषधांची पिशवी उघडायला लाव. ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, स्तनाच्या कर्करोगावरचं लेट्रोझोल, केमोथेरपी यांनीही कोरडेपणा येतो. डोळे आणि तोंडही कोरडं पडत असेल तर शोग्रेनचा आजार असू शकतो. सुगंधी साबण आणि जंतुनाशकाने आतून धुणं थांबवायला सांग. योनी स्वतःच स्वच्छ राहते. नवऱ्याची घाई आणि मनातली धास्ती हीसुद्धा कारणंच आहेत. तीही हळुवारपणे विचार.

संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित वंगण जेल चालतं. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, कर्करोग होऊन गेलेल्या बाईला तर खासच. आणि पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर थेंबभर रक्त दिसलं, तरी ते कोरडेपणावर ढकलू नकोस. चिठ्ठी देऊन तिला टेंबा हॉस्पिटलला तपासणीसाठी पाठव, आणि ती गेली का याची दुसऱ्या दिवशी चौकशी कर.

तुझी,
मावशी