रंगाआधी सांगाडा

बैलगाडी आमच्या नांदगाव खंडेश्वरात सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या चाकावर लोखंडी धाव चढविण्यापूर्वी आरे व तुंबा शाबूत आहेत ना, हे कुशल कारागीर प्रथम पाहतो. जुनी वेगवान मोटार घरी दुरुस्त करू इच्छिणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा, असे आम्हांस वाटते.

उदाहरणार्थ, इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली ‘एम. जी. टी. सी.’ ही दोन आसनांची मोटार घेऊ. हिची तळची चौकट पोलादी. परंतु अंगावरील पत्रा ॲश नामक झाडाच्या लाकडी सांगाड्यावर बसविलेला असतो. सांध्यांतून पाणी शिरले म्हणजे लाकूड आतून कुजते व दारे खाली लोंबतात. वरून कितीही झळकता रंग दिला तरी हा दोष जात नाही. यास्तव पत्रा सोडवावा, कुजका भाग कापावा व तेथे सुक्या, चिवट लाकडाचा जोड द्यावा.

हिच्या १२५० घन सेंटिमीटर इंजिनातील बोल्टांचे आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ मापाची! पाना बसला म्हणून बोल्ट योग्य, असे समजू नये. भलताच बोल्ट पिळल्यास आटे बिघडतात.

ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, त्यामुळे आतील भाग गंजतात. ब्रेक निर्दोष झाल्यावाचून गाडी रस्त्यावर आणू नये.

रंग सर्वांत शेवटी. पाहणाऱ्याचे डोळे रंगाने दिपतात खरे. बसणाऱ्याचे प्राण मात्र न दिसणाऱ्या भागांवर अवलंबून असतात.