फिरत्या घराचे स्नान

स्नानास पाणी लागते हे लहान मुलासही ठाऊक असते; परंतु ते पाणी तोटीतून आपोआप डोक्यावर पडावयाचे असेल, तर पाण्याच्या अंगी बळ असावे लागते, हा विचार सहसा कोणी करीत नाही. हे बळ कोठून येते, हे समजण्यास आपणां बहादरपुरकरांस दूर जावयास नको.

इ. स. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारकीर्दीत बुऱ्हाणपुरास भूमिगत जलयोजना सिद्ध झाल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी भूमीत मुरणारे पाणी बोगद्यात घ्यावयाचे आणि मंद उताराने शहराकडे आणावयाचे, अशी ही युक्ती होय. बोगदा खणता यावा, त्यात हवा खेळावी व पुढे साफसफाई करता यावी, म्हणून ठिकठिकाणी उभ्या कुंड्या ठेविल्या. यावरूनच ‘कुंडी भंडारा’ हे नाव रूढ झाले. अशा एकूण आठ योजना होत्या व त्यांतील दोहोंचे पाणी आपल्या बहादरपुराकडे वळविलेले होते. येथे ना पंप, ना वीज! उगम उंच आणि गाव सखल, एवढ्या एका गोष्टीवर सारा व्यवहार चाले.

आता याच्या अगदी उलट उदाहरण घेऊ. अलीकडे काही प्रवासी मोटारीतच निजण्याची व स्वयंपाकाची सोय करून देशाटन करितात. या फिरत्या घरास पाण्याची टाकीही असते. धुळीने माखलेल्या प्रवाशास वाटते की, गाडीबाहेर उभे राहून स्नान करण्यास एक झारी असावी. ही झारी कशी जोडावी?

पहिली अडचण बळाची. पाण्याच्या दहा मीटर उंचीने सुमारे एका वातावरणाइतका दाब उत्पन्न होतो. टाकी मोटारीच्या टपावर ठेविली, तरी ती स्नान करणाऱ्याच्या डोक्याहून जेमतेम अर्धा मीटर उंच. तेवढ्याने केवळ धार गळेल. शिवाय शंभर लिटर पाण्याचे वजन शंभर किलोग्रॅम भरते. एवढा भार टपावर असता वळणावर गाडी कलण्याचे भय असते. म्हणून टाकी तळाशी बसवितात आणि उंचीची उणीव बारा व्होल्टच्या विद्युत्‌घटावर चालणाऱ्या लहान पंपाने भरून काढतात. तोटी उघडली की नळीतील दाब उतरतो व पंप सुरू होतो. तोटी मिटली की दाब चढतो व पंप थांबतो. सातपुड्याचे काम येथे हा पंप करितो.

झारी जोडताना प्रथम पंपाची वीज बंद करावी व तोटी उघडून नळीतील दाब काढून टाकावा. पंपाच्या पुढील नळी कापून तेथे तीन तोंडांचा सांधा बसवावा. त्याच्या मोकळ्या तोंडास बंद करण्याची तोटी, तिच्यापुढे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, आणि मग गाडीच्या भिंतीतून बाहेर जाणारी लवचीक नळी व झारी, असा क्रम ठेवावा. भिंतीच्या छिद्राभोवती रबराची कडी घट्ट बसवावी. नाहीतर पावसाचे पाणी आत शिरून पत्रा गंजतो. शेवटी पंप चालू करून प्रत्येक सांधा कोरड्या बोटाने चाचपावा.

त्या झडपेचा खर्च वाचवावा असे कित्येकांस वाटते. पण खरे मर्म तेथेच आहे. बाहेरची झारी कधी चिखलात पडते, कधी साबणाच्या बादलीत बुडते. आतील दाब उतरला असता ते मलिन पाणी मागे ओढले जाऊ शकते, आणि पिण्याचे पाणी तर त्याच नळीतून येते! झारी स्नानाची असली, तरी तिचा दोष सर्वांच्या पेल्यात उतरतो.

तिसरी गोष्ट मापाची. मिनिटास सहा लिटर पाणी देणारी झारी पाच मिनिटे सोडली, तर तीस लिटर पाणी जाते. म्हणजे शंभर लिटरांच्या टाकीचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपला. अंग भिजवून तोटी मिटावी, साबण लावावा व मग पुन्हा उघडावी. म्हणजे दोन मिनिटांत, बारा लिटरांत, स्नान होते. साबणाचे पाणी मात्र ओढ्यात वा विहिरीजवळ सोडू नये.

मोटारीतील मनुष्यास टाकी रिकामी होताना दिसते, म्हणून तो जपून वागतो. आपली टाकी डोंगराच्या पोटात आहे. ती दिसत नाही, एवढाच भेद. कुंडी भंडाऱ्यास २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत स्थान मिळाले, याचा आपणांस अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु एका कुंडीत टाकलेला कचरा उताराने पुढच्या सर्व कुंड्यांकडे जातो, आणि डोंगरावर पाणी मुरण्याची जागा उजाड झाली तर बोगदा कितीही कुशलतेने खोदलेला असो, त्यात येणार काय?

म्हणून घरी नवी तोटी बसविताना आपण तीन प्रश्न विचारू या: हिला बळ कोठून मिळते? हिच्यावाटे मळ मागे तर जाणार नाही ना? आणि हिच्यामुळे कोणाच्या वाट्याचे पाणी कमी होईल? या तिन्हींची उत्तरे ज्यास देता येतील, त्याने तोटी खुशाल उघडावी.