सगळेच मद्रासी?

एकदा आम्ही आगगाडीने मुंबईला निघालो होतो. शेजारच्या माणसाला विचारलं, "काय अण्णा, मद्रासी का?"

तो म्हणाला, "मी मंगळूरचा. आमची भाषा तुळू. आणि तुम्ही गुजराती का?"

आम्हाला राग आला. मग वरमलो.

हे नाव आलं कुठून? इंग्रजांच्या वेळी मद्रास इलाखा फार मोठा होता. तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड, तुळू बोलणारे लोक त्यात राहत. १९५३ साली आंध्र वेगळं झालं. १९५६ साली केरळ राज्य झालं. मंगळूर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. उरलेल्या मद्रास राज्याचं नाव १९६९ साली तमिळनाडू झालं. इलाखा मोडला, पण नाव आपल्या तोंडी राहिलं. १९६० नंतरच्या दहा वर्षांत मुंबईत उडपी हॉटेलांवर दगडही पडले. मालक कानडी की तमिळ, हे दगड मारणारा कशाला विचारतो?

तिकडचे लोकही कमी नाहीत. बिहारी, पंजाबी, मारवाडी, सगळे त्यांना सारखेच 'उत्तरेकडचे'. आपली तर मधल्या मधे गंमत! दिल्लीत कुणी आपल्याला दक्षिणेकडचे समजतो, चेन्नईत कुणी उत्तरेकडचे.

तमिळनाडूत तंजावर आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिथे राज्य करीत. मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेलेल्यांची काही घराणी आजही घरात मराठी बोलतात. त्यांना काय म्हणायचं?