फास्ट चार्जिंगसाठी थांबायचं का?

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. इलेक्ट्रिक कार घ्यायची आहे. पण फास्ट चार्जिंग स्टेशनं वाढेपर्यंत थांबा, असं घरचे म्हणतात. काय करावं?

उत्तर : पेट्रोल पंपाची सवय असल्यानं आपण चार्जिंगही बाहेरच शोधतो, खरं तर गाडी रात्रभर पार्किंगमध्ये उभीच असते. तिथल्या १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटमधून तासाला सुमारे ३ युनिट वीज मिळते. आठ तासांत २४ युनिट, म्हणजे लहान कारला शहरात सव्वाशे-दीडशे किलोमीटर सहज पुरतील. रोजची ये-जा चाळीस-पन्नास किलोमीटरची असेल, तर फास्ट चार्जर लागतोच कुठे? अर्थिंग मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच.

गावी जाताना काय, ही शंका रास्त आहे. महाराष्ट्राच्या २०२५च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्राचं उद्दिष्ट आहे; पण उद्दिष्टावर गाडी चालत नाही. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर आज किती चार्जर सुरू आहेत, हे अ‍ॅपवर पाहा आणि एक पर्यायी ठिकाण हाताशी ठेवा. ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं, तेव्हा तेवढ्यावरच निघावं. मागच्याचाही खोळंबा टळतो.

स्वतःचं पार्किंग नसेल किंवा दर आठवड्याला लांबचा प्रवास असेल, तर घरच्यांचं ऐका, थांबा. नाहीतर आधी सोसायटीकडे सॉकेटसाठी अर्ज द्या आणि मगच गाडी बुक करा.